एका विमानाचे दोन रिमोट

३ फेब्रुवारी

प्रिय गडबडे,

तुझं पत्र मिळालं. तब्येत कशी आहे, वेळेवर जेवता का, खालची खोली रंगवून झाली, कधी येताय, हे सगळं तू दर वेळी त्याच क्रमाने लिहितेस, म्हणून उत्तरंही त्याच क्रमाने घे. बरी आहे, जेवतो, छान झालं, बघू.

आता माझं ऐक. हे फोनवर सांगता येत नाही. फोनवर तू "बरे आहात ना?" विचारतेस, मी "हो" म्हणतो आणि मग आपण दोघं एकमेकांचा श्वास ऐकत बसतो. तुझी आई होती तोवर मधल्या जागा ती भरायची. म्हणून पत्रच बरं.

क्लबात नवीन सभासद आला आहे. आला कसला, आली आहे. क्लब म्हणजे रिमोटवर छोटी विमानं उडवणारी आम्ही म्हातारी पोरं. दर रविवारी सकाळी शेवटच्या बसस्टॉपमागच्या मैदानात माना वर करून उभे असतो. प्रत्येक जण इथे का आला याची एक गोष्ट असते आणि नव्या माणसाला त्या सगळ्या ऐकाव्याच लागतात, त्याशिवाय त्याला खुर्ची मिळत नाही.

आमचे अध्यक्ष दातांच्या कवळ्या बनवतात. लहानपणी आजारपणात अख्खं वर्ष अंथरुणात काढलं, तेव्हा काड्यापेटीची विमानं करायला लागले ते अजून करतातच आहेत. आजही त्यांच्या विमानाचा पंखा कवळ्या घासायच्या मशीनवर घासलेला असतो आणि आतला वैमानिक हिरड्यांच्या गुलाबी मसाल्याचा. मास्तर गणित शिकवायचे. हवाई दलाने त्यांना सपाट तळपायांमुळे परत पाठवलं, तो राग ते अजून विमानांवर काढतात. आधी कागदावर गणित मांडतात, मग विमान आपटतात, मग गणित कसं बरोबर होतं ते आम्हाला पटवून देतात. आणि मी. जन्मभर लोकांच्या घरी जमिनीवर मांडी घालून, मशीनला कान लावून शिलाई मशीनं दुरुस्त केली. एक दिवस वाटलं, कधीतरी जागचं हलणारं मशीनही हाताखालून जावं.

तर या बाई. बसमध्ये कंडक्टर होत्या. शेवटच्या स्टॉपवर बस वळायची तेव्हा खिडकीतून त्यांना आम्ही दिसायचो, पण उतरायला कधी वेळ नसायचा. "एवढं वर काय बघतात ही माणसं, हे मला नोकरीभर कळलं नाही," म्हणाल्या. निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात स्वतःचं तिकीट काढून आल्या आणि उतरल्या. अध्यक्षांनी तिथल्या तिथे खुर्ची दिली. आवाज असा आहे की पहिल्याच दिवशी त्यांनी "पुढे सरका" म्हटलं आणि मास्तर खरंच सरकले. त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं आहे.

पिवळी मजेत आहे. तुझ्या आईने अस्तराच्या कापडाचे पंख चढवले ते अजून तसेच ताठ आहेत. ऑक्टोबरच्या मेळाव्यात दर वर्षीसारखं पहिलं उड्डाण तिचंच.

अक्षर मोठं आलं आहे ते नव्या जाड पेनामुळे.

तुझा बाबा

२४ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

जाड पेन? एका पानावर जेमतेम सात ओळी! पोस्टमनने पाकीट हातात दिलं तेव्हा मला वाटलं, तुम्ही पुस्तक लिहिलंत. आणि शेवटच्या ओळी तर पानावरून घसरून खाली चालल्या होत्या. टेबलावर बसून लिहा, मांडीवर नको.

माझं तलावावरचं काम जोरात चाललंय. पोहण्याच्या वर्गात या वेळी नुसती चिल्लीपिल्ली आहेत. पोटाखाली हात धरला की राजासारखी पोहतात आणि हात काढला की बुडतात. त्यामुळे मी हात कधी काढला ते सांगतच नाही. पलीकडच्या काठाला पोचली की सांगते.

तुम्ही मला अजून गडबडे म्हणता, पण मी सुधारले आहे. डाव्या मनगटाला लाल रबर बांधते. पोरांसमोर उभं राहून "उजवा हात" म्हणायचं आणि आपण डावा वर करायचा, असं आता रोज होत नाही. अधूनमधून होतं.

कंडक्टरबाईंबद्दल वाचून मजा वाटली. एकट्याच असतात का त्या?

खोलीची खिडकी आता बागेकडे उघडते. तुमच्या जावयाने जिन्याला कठडाही लावलाय. या ना बाबा. आई गेल्यापासून तिथे एकटं राहून तुम्ही काय कमावताय?

तुमची गडबडे

१९ मार्च

प्रिय गडबडे,

लाल रबर! शाळेच्या पहिल्या दिवशी तुला सांगितलं होतं, कोपऱ्यावर डावीकडे वळ. तू उजवीकडे वळून बेकरीत पोचलीस आणि संध्याकाळी बेकरीवाल्यानेच तुला घरी आणलं, तोंडाला साखर लावून. तेव्हापासून मी तुझ्या बाबतीत दोन्हीकडे बघतो.

कंडक्टरबाई एकट्याच असतात. शिक्षण कसं चाललं आहे ते सांगतो. दोन रिमोट एका वायरने जोडतात. एक शिकणाऱ्याच्या हातात, एक माझ्या. माझ्या रिमोटला एक खटका असतो. तो दाबून धरला की विमान शिकणाऱ्याचं. ते चुकायला लागलं की मी खटका सोडायचा, विमान लगेच माझं. तुझ्या पोटाखालच्या हातासारखंच आहे, फक्त आम्ही कोरडे असतो.

नवा माणूस सगळ्यात जास्त कुठे चुकतो माहीत आहे? विमान लांब जात असतं तेव्हा त्याचं डावं ते आपलं डावं. ते वळून आपल्याकडे यायला लागलं की सगळं उलट. त्याचं डावं आपल्या उजव्या हाताला येतं. भलेभले तिथे गोंधळतात आणि मग झाडावर शिडी लावावी लागते. बाई मात्र एकदाही चुकल्या नाहीत. "डेपोत बस जागेवर घेताना मी समोर उभी असायचे, तोंड ड्रायव्हरकडे. तेव्हाही ड्रायव्हरचा डावा तो डावा, माझा नाही," म्हणाल्या. तू असतीस तर आमची शिडी मोडली असती.

आता रविवारी त्याच मला घरून घेऊन जातात. मैदानात खड्डे फार झाले आहेत म्हणून हात धरतात. संध्याकाळी येतात, आम्ही पेपर वाचतो. बातम्यांवर त्या स्वतःचं मतही मोठ्याने देतात, त्यामुळे शेजाऱ्यांचाही पेपर वाचून होतो. परवा त्यांनी माझ्या शर्टाची बटणं नीट लावली. वरखाली लागली होती म्हणे.

पेन तेच आहे.

तुझा बाबा

१४ एप्रिल

प्रिय बाबा,

मी हे पत्र चार वेळा फाडलं. आता सरळच विचारते.

कंडक्टरबाई तुमच्या कोण लागतात?

हात धरतात, पेपर वाचतात, बटणं लावतात. मी लहान नाही. आई जाऊन दोन वर्षं झाली, तुम्ही एकटे आहात, आणि मी लांब राहून वर तुम्हाला उपदेश करते. मला राग यायचं काही कारण नाही. तरी येतो. आईचा आवाज शेजारच्या खोलीत कधी गेला नाही आणि आता घरात म्हणे शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा पेपर वाचला जातो. आई असती तर बटण तुटेपर्यंत तुम्हाला कळलंही नसतं की ती ते शिवतेय.

आणि पिवळी? ती पण त्या उडवतात का? तिच्या पंखांना आईचे टाके आहेत बाबा.

खोलीत या म्हटलं की तुम्ही "बघू" लिहिता. त्याचं कारण हे होतं का? तसं असेल तर सांगा. मला फसवू नका एवढंच.

गडबडे

२ मे

प्रिय गडबडे,

पत्र मिळालं. बाई चांगल्या आहेत. त्यांच्याशिवाय माझं आता चालत नाही हे खरं आहे. तू जे समजलीस ते समज, मी नाही म्हणत नाही.

पिवळीवरचे टाके मी विसरलेलो नाही. बोटांनी सगळे ओळखतो.

खोलीचा विषय मात्र आता बंद कर.

तुझा बाबा

२८ जुलै

नमस्कार कंडक्टरबाई,

आपली ओळख नाही. पत्ता क्लबाचा घातला आहे, अध्यक्ष तुम्हाला पोचवतील. हे पत्र बाबांना दाखवू नका.

मेमध्ये त्यांचं पत्र आलं आणि त्यानंतर मी त्यांना लिहिलंच नाही. फोनवर फक्त पाऊसपाण्याचं बोललो. मी रुसले होते. माझं वय सांगितलं तर तुम्ही हसाल.

पण गेल्या आठवड्यात वर्गातली एक मुलगी पाण्यात उतरेना. तिची आधीची बाई सोडून गेली म्हणून ती माझा हात धरायला तयार नव्हती. मी तिला दटावलं, हात माझा असो की तिचा, तुला बुडू देणार नाही एवढं पुरे नाही का? घरी जाताना माझं मलाच ऐकू आलं.

तर मला एवढंच लिहायचंय. तुम्ही बाबांचा हात धरता, बरं करता. त्यांना सकाळचा चहा फार गरम लागतो आणि ते थंडीत स्वेटर लपवून ठेवतात. सोबत आईची कात्री पाठवते. तिने पिवळीचे पंख याच कात्रीने कापले. हिने कागद कापायला घरात कोणालाही परवानगी नव्हती, मी एकदा पतंग कापला तर दोन दिवस अबोला होता. ती आता तुमच्याकडे असावी.

ऑक्टोबरच्या मेळाव्याला मी येईन. तुम्हाला भेटेन. तुम्हाला काय म्हणायचं ते तेव्हा ठरवू.

यंत्रदुरुस्तीवाल्यांची मुलगी

६ ऑगस्ट

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचून मी डेपोतल्या जुन्या बाकावर जाऊन बसले. मला पत्रं लिहायची सवय नाही, तिकिटं फाडायची आहे. तेव्हा सरळ लिहिते.

घोटाळा झालाय. मी तुमच्या बाबांची कोणी नाही. म्हणजे आहे, पण तुम्ही समजता तशी नाही. कात्री माझ्याकडे जपून ठेवली आहे, पण ती माझी नाही. तुम्ही याल तेव्हा परत देईन.

तुमच्या बाबांना दिसत नाही ताई.

बसा आधी. पूर्ण आंधळे झालेले नाहीत. डोळ्यांच्या मधोमध धुरकट डाग आलाय, दोन्हीकडे. कडेचं दिसतं. घरात फिरतात, चहा करतात, दाराची कडी लावतात. पण समोरच्याचा चेहरा दिसत नाही, छापलेलं वाचता येत नाही आणि आकाशातलं विमान तर नाहीच. डॉक्टर म्हणाले, बरं होणार नाही, पण कडा जाणार नाहीत. चष्म्याने काही होत नाही. फेब्रुवारीत मी शिकायला आले तेव्हाच सुरू झालं होतं. एक दिवस माझं विमान झाडाकडे चाललं होतं आणि यांनी खटका सोडलाच नाही. मी ओरडले, "अहो घ्या ना!" तर म्हणाले, "कुठे आहे?" मी सांगितलं. त्यांनी माझ्या आवाजावर आणि इंजिनाच्या आवाजावर ते उतरवलं. मग खुर्चीत बसून रिमोटची वायर गुंडाळत राहिले.

आता वायर तीच आहे, रिमोट बदललेत. मे महिन्यात अध्यक्षांनी माझी परीक्षा घेऊन मला पास केलं, तेव्हापासून खटका माझ्या हातात असतो आणि विमान त्यांच्या. मी मागे उभी राहून सांगते, डावीकडे घ्या, येऊ द्या, येऊ द्या, बस्स. नोकरीभर तेच केलंय. इंजिन वर चढताना कण्हतं, खाली येताना ओरडतं, ते सगळं त्यांना माझ्याआधी कळतं. मला फक्त डावंउजवं सांगावं लागतं. अंगठा दुखेपर्यंत मी खटका दाबून धरते, पण अजून सोडायची वेळ आली नाही.

क्लबात सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे माहीत नसल्यासारखं वागतात. अध्यक्षांनी तुमच्या बाबांच्या शेगडीच्या बटणांवर कवळीच्या मसाल्याचे उंचवटे बसवून दिलेत, म्हणजे बोटाला कळतं किती फिरवलं. बघितलंत तर तुम्हाला वाटेल शेगडी हसतेय. मास्तर भाजी आणतात आणि हिशेबात चुकतात.

आता सगळ्यात अवघड. तुमची पत्रं त्यांना मीच वाचून दाखवते. हो, ते एप्रिलचंही. "कंडक्टरबाई तुमच्या कोण लागतात" हे मीच मोठ्याने वाचलं. माझ्या आवाजाचं पण वाचलं. मी म्हटलं, लगेच लिहा की तसं काही नाही. ते म्हणाले, "राहू द्या. हे तिला सोसेल. दुसरं कळलं तर ती गाडी घेऊन येईल आणि मला खोलीत नेऊन ठेवेल." मी भांडले. तिथेच बसून त्यांनी तुम्हाला उत्तर लिहिलं, पट्टी धरून, एकेक ओळ.

मी कोणाला सांगणार नाही असं कबूल केलं होतं. पण तुमची कात्री ठेवून घेऊन गप्प बसणं मला जमलं नाही.

कंडक्टर

१२ ऑगस्ट

कंडक्टरबाई,

मी दोन दिवस तलावावर गेले नाही. नवऱ्याने गाडीत पेट्रोल भरून ठेवलंय. आम्ही येतो आणि त्यांना घेऊन येतो. ज्या माणसाला समोरचा चेहरा दिसत नाही तो एकटा गॅस पेटवतो आणि तुम्ही सगळे त्याला उंचवटे बसवून देता! कोणाला काही झालं असतं तर?

आणि मी. एका पानावर सात ओळी बघून मी टेबलावर बसून लिहा म्हणाले.

माझा बाप मला इतका भितो की मला कळू नये म्हणून त्याने आईच्या जागी दुसरी बाई आणल्याचा आळ अंगावर घेतला. हे मला सोसेल म्हणाले? हेही सोसलं नव्हतं हो.

मी रागावले आहे पण तुमच्यावर नाही. बहुतेक तुमच्यावरही. काय करू ते सांगा.

२० ऑगस्ट

ताई,

पेट्रोल राहू द्या, उडून जात नाही. मेळाव्याला लागेल.

तुम्ही मुलांच्या पोटाखालचा हात काढता ना? तसं समजा. इथे आम्ही चारपाच जणांनी हात धरलेत. ते पोहताहेत. इथल्या पायऱ्या त्यांच्या पायांना पाठ आहेत. तुमच्या घरी कितीही चांगला कठडा लावा, पहिल्या दिवसापासून ते आंधळे असतील. इथे ते रविवारी वैमानिक असतात. नेणं तुमच्या हातात आहे, मुलगी तुम्ही आहात. पण एकदा त्यांना उडवताना बघा आणि मग ठरवा.

आणि नुसतं बघू नका. मेळाव्याच्या दिवशी त्यांच्या मागे मी नाही, तुम्ही उभ्या राहा. खटका माझ्या अंगठ्याखाली असेल, लोक दोरीमागे असतील, कोणाला काही होणार नाही. तुम्ही फक्त सांगायचं. कसं ते लिहिते. त्यांच्या डाव्या खांद्यामागे उभं राहायचं. छोटं बोलायचं. "अरे बापरे" म्हणायचं नाही, त्याने विमान वळत नाही. आपण विमानात बसलोय असं धरायचं आणि त्याचं डावं, त्याचं उजवं सांगायचं, आपलं नाही. येताना उलटं होतं तिथे जपा. तुमच्याबद्दल तुमच्या बाबांनी मला बेकरीची गोष्ट सांगितली आहे, म्हणून घरी सराव करा. जावयांना अंगणात पळवा.

त्यांना मी काही सांगणार नाही. पत्र दाखवू नका असं तुम्हीही बजावलंय ना.

मावशी (हे चालेल का?)

१४ ऑक्टोबर

प्रिय बाबा,

मावशी, हे तुम्हीच वाचताय, तर जरा हळू वाचा. शेजाऱ्यांना सगळं कळायला नको.

घरी पोचलो. माझा घसा बसलाय. पोरं म्हणतात, बाई आज शिट्टीच वाजवा.

मैदानात तुमच्याजवळ काही बोलता आलं नाही, सगळी माणसं होती. तुमच्या डाव्या खांद्यामागे येऊन उभी राहिले. तुम्ही रिमोट धरून मावशींची वाट बघत होतात, मान थोडी तिरपी, कडेने बघायला. मी म्हटलं, "नाक वाऱ्याकडे आहे बाबा. सोडा." तुमची मान हलली नाही. मला वाटलं आता रिमोट खाली ठेवाल, किंवा ओरडाल. तुम्ही इंजिन वाढवलंत. पिवळी पळाली आणि उचलली गेली, आणि मी सगळं विसरून "अरे बापरे" म्हणालेच.

मग जमलं. डावीकडे, थोडं अजून, सरळ. तुम्ही माझ्या शब्दावर वळत होतात. ती उन्हात गेली की आईचे टाके खालून दिसत होते, मी ते तुम्हाला सांगायला हवं होतं. तेव्हा राहून गेलं. आता सांगते. दिसत होते, सगळे.

पण उतरतानाचं मला विचारायचंय. ती आपल्याकडे येत होती, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या खांबाच्या रोखाने. मी लाल रबराकडे बघितलं, विमानाकडे बघितलं, आणि ओरडले, "डावीकडे, बाबा, डावीकडे!" आणि ते चूक होतं. डावीकडे खांब होता. शब्द तोंडातून गेला तेव्हाच कळलं, पण परत घ्यायला वेळ नव्हता. आणि तुम्ही तिला उजवीकडे वळवलंत. पिवळी खांबाच्या बाजूने निघाली आणि गवतात बसली. मावशी म्हणतात, खटका सोडणारच होते, तेवढ्यात तो माणूस आपणहून वळला. त्यांनी सोडला नव्हता. मग तुम्हाला कसं कळलं? तुम्हाला खांब दिसला? खरं सांगा, दिसायला लागलंय का?

गाडीकडे जाताना तुम्ही माझा दंड धरलात आणि फक्त "खड्डा सांग" म्हणालात. मी सगळे सांगितले. खड्डा नव्हता तिथेही सांगितले, तुम्ही दंड सोडू नये म्हणून.

तुम्हाला माझी इतकी भीती वाटली बाबा?

खोलीचं ठरवलंय. तुम्हाला न्यायला मी येणार नाही. शेगडी हसतेच, मी बघितली. पण यापुढे डॉक्टर काय म्हणतात ते मला त्याच दिवशी कळलं पाहिजे, आणि मावशींकडून नाही, तुमच्याकडून.

गडबडे

२५ ऑक्टोबर

प्रिय गडबडे,

हे मी स्वतः लिहितो आहे, पट्टी धरून. पानं जास्त लागतील, पोस्टमनला सांभाळून घे.

डॉक्टरकडे काल गेलो. डाग आहे तेवढाच आहे. बघ, दुसऱ्याच दिवशी कळवलं. त्याच दिवशी जमलं नाही, मास्तरांनी परतीच्या रस्त्याचं गणित मांडलं होतं.

भीती तुझी नव्हती. खोलीची होती. तू इतक्या प्रेमाने रंगवलीस की नाही म्हणायला तोंड उरलं नाही, आणि खरं कळलं असतं तर नाही म्हणायचा हक्कही उरला नसता. तुला वाईट वाटू दिलं ते चुकलं. ते मला पुन्हा करायचं नाही.

मेळाव्यात तू "नाक वाऱ्याकडे आहे" म्हणालीस तेव्हा पहिल्याच शब्दाला तुला ओळखलं. म्हणून इंजिन वाढवलं. तेवढंच हाताशी होतं.

पिवळीच्या पोटाला गवतात काडी लागून फाटलं आहे. बाईंनी आईच्याच कात्रीने अस्तराचा तुकडा कापून ठिगळ लावलं. कागद नाही कापला, मी कान देऊन बसलो होतो. कात्री पुढच्या खेपेला तू घेऊन जा म्हणतात.

खांबाचं विचारलंस. खांब मला दिसला नाही. विमानही दिसलं नाही. इंजिन माझ्याकडे येताना ऐकू येत होतं एवढंच, म्हणजे डावंउजवं उलट व्हायची वेळ होती. आणि मागून तू ओरडत होतीस.

डिसेंबरात मैदान बंद असतं तेव्हा आठ दिवस तुझ्या त्या खोलीत राहायला येईन. राहायला, ठेवायला नाही. बाई बसने आणून सोडतील, रूट त्यांनी शोधून ठेवला आहे. तुमच्या स्टॉपवर उतरल्यावर घर कुठल्या हाताला आहे ते कळव. तू डावीकडे लिही, आम्ही उजवीकडे वळू.

तुझा बाबा